हे बरं, की ते?

उदगीरला परतून अकरा दिवस झाले.
दुकानात येणारा प्रत्येक जण आधी युरोप विचारतो,
मग डोळे तपासायला बसतो.
मीही सांगतो,
कोलोनचं चर्च इतकं उंच की टोक बघताना टोपी पडली,
ब्रुसेल्सला तळलेल्या बटाट्यासाठी ही रांग,
पॅरिसला बसनं गेलो, दोन रात्री, पाय सुजले,
मनोरा दिवे लागल्यावर बरा, दिवसा नुसतं लोखंड.
लोक हसतात.
जाताना फ्रेमचे शंभर रुपये कमी करून घेतात.

उतरलो होतो मन्मथकडे, उट्रेख्टला.
सातवीपासून एका बाकावरचा.
जिना शिडीसारखा उभा, वरची तिरप्या छताची खोली माझी,
खिडकीखाली कालवा, कालव्यात बदकं,
आणि पुलाच्या कठड्याला सायकलीवर सायकली.
त्यानं तीन दिवस रजा काढली.
चौथ्यापासून मृदुलानं डबा करून दिला,
रेल्वेचं तिकीट, नकाशावर लाल पेनानं खुणा,
कुठं उतरायचं, कुठं लघवीला पैसे पडतात, सगळं.
सख्खा भाऊ एवढं करत नाही.

रात्री मात्र खालून आवाज यायचे.
मला कळू नये म्हणून दोघं डच बोलायचे.
घशातून खरवडून काढावी तशी भाषा.
त्यातला एक शब्द मला येत नव्हता
आणि एक शब्द चुकला नाही.
सकाळी टेबलावर पाव, चीज, तीन ताटल्या.
"झोप झाली ना नीट?" ती विचारायची.
"नाही हो, जेट लॅग," मी म्हणायचो,
आठव्या दिवशीसुद्धा.

महानंदाकाकूंनी माझ्याजवळ दिलेले धपाटे
पहिल्या दिवसापासून फ्रीजरमध्ये पडून.
शेवटच्या रात्री पाणी प्यायला खाली आलो,
तर हा उभाच, दिवा न लावता,
फ्रीजच्या उजेडात गार धपाटा चावत होता.
"घे," म्हणाला. अर्धा मोडून दिला.
दातांतून कळ गेली.
"आईला काय सांगणार हायस?"
"काय सांगू?"
तेवढ्यात फ्रीजचं दार आपोआप लागलं,
अंधारात आम्ही दोघं चावत राहिलो.

आज काकू आल्या, चौबाऱ्यावरून पायी,
हातातल्या पिशवीतून मेथी डोकावत होती.
"नंबर वाढला वाटतं रे, समदं धुकट दिसूलालंय."
तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली,
तक्ता दाखवला.
"ते र्‍हाऊ दे. मन्मथचे फोटो दाव."

मोबाइल हातात दिला.
पवनचक्की. कालवा. फुलांचा हंगाम संपलेला, नुसते वाफे.
चर्चच्या पायऱ्यांवर तिघं. नावेत तिघं.
पावसात एका छत्रीखाली तिघं.
"वाळलाय का?"
"न्हाई ओ काकू."
"जेवूलालाय का टायमाला?"
"मजेत हाय. मोठं घर, दारात पाणी, बदकं हायती."
"बदकं," काकू म्हणाल्या.

डावीकडची काच बदलली.
बोटानं फोटो सरकवायला त्या शिकल्यात.
एक पुढचा, अजून एक पुढचा, मग उलटे मागं.
नवी काच बसली तशी मान थोडी पुढं झाली.
"समद्या फोटूत
तूच का रे मधी?"

बाहेर देगलूरची एसटी वळताना
हॉर्न देत राहिली, कुणी तरी बैलगाडी काढेना.
मी काच काढली. पुसली. आधीची पुन्हा लावली.
रोज चाळीस माणसांना विचारतो तेच विचारलं,
"हे बरं, काकू, की ते?"

बऱ्याच वेळानं,
फोन उपडा ठेवत म्हणाल्या,
"पयलंच बरं होतं."